मागापेक्षा मोठा आवाज

रविवार, सकाळी अकरा. शहापूर, बेळगाव. विणकरांच्या गल्लीतलं पत्र्याचं घर. अख्ख्या गल्लीची वीज गेलेली. कर्ज देणाऱ्या सोसायटीचे वसुलीवाले मारुतीराव दारात चपला काढून आत आले आणि त्यांनी पहिला हात माझ्या पाठीवर ठेवला. वजनाचा अंदाज घेतात तसा.

मी या घरातला यंत्रमाग. तो हात मी ओळखतो. मागच्या महिन्यात शेजारच्या जयाबाईंच्या मागाला तो लागला होता. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून घणाचे आवाज आले. अख्खा माग दारातून निघत नाही, म्हणून त्याला जागेवरच फोडतात आणि किलोच्या भावानं भंगारात घालतात. तेव्हापासून दारात चपला वाजल्या की माझं लोखंड गार पडतं.

मी इचलकरंजीच्या एका कारखान्यात बरीच वर्षं चाललो. मग बसवंत विणकरानं मला जुन्याच्या भावात घेतलं आणि टेम्पोत घालून इथे आणलं. त्याची मुलगी आरोही तेव्हा रांगत होती. माझ्या खडखडाटात ती झोपायची आणि मी थांबलो की जागी व्हायची.

माझा आवाज फार मोठा. मी चालू असताना या घरात बोलायचं तर ओरडायचं, नाहीतर ओठ वाचायचे. बसवंत, त्याची बायको अंजनी आणि आरोही, तिघांनाही दोन्ही येतं. बाहेरून आलेले पाहुणे विचारतात, "भांडालाय काय ओ?" भांडत कोणी नसतं. चहा टाकू का, एवढंच विचारलेलं असतं.

आरोहीनं शिक्षिका व्हायचं ठरवलं. बी.एड.च्या पाठाला ती माझ्यावर विणलेली साडी नेसून गेली. तपासायला आलेल्या बाई म्हणाल्या, या मुलीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. तो आवाज मी दिला. बाकीचं तिचं तिनं कमावलं.

पण त्याआधी फीचा प्रश्न होता. एक लाख ऐंशी हजार. घर भाड्याचं, अंगावर सोनं नाही. सोसायटीच्या कर्जाला तारण म्हणून मीच उरलो.

"दोन वर्षं फी, मग पगार," बसवंत म्हणाला. "लई झालं तर चार वर्षांत फिटतंय."

"आणि पगार न्हाय झाला तर?" अंजनी सुताच्या कांड्या भरत होती.

"कॉलेजचा क्लार्क म्हणालाय, पंचवीस हजार कुठं गेलं न्हाईत."

"मग त्यालाच सही करायला लाव की कागदावर."

तिघंही हसले. मला हसू आलं नाही. पंचवीस हजारांचा आकडा फी घेणाऱ्यानंच सांगितलेला होता. विकणाऱ्यानंच माप सांगायचं आणि घेणाऱ्यानं मोजायचं नाही, असं कापडाच्या पेठेत कोणी खपवून घेत नाही. शिक्षणाच्या पेठेत घेतात. आणि सोसायटीनं तरी काय तपासलं? माझं वजन.

आरोही पास झाली. दीड वर्ष अर्ज केले, परीक्षा दिल्या, जागा निघायची वाट बघितली. शेवटी निपाणीच्या एका खासगी शाळेत लागली. मध्येच सोडून जाऊ नये म्हणून शाळेनं तिची पदवी आणि मूळ गुणपत्रकं ठेवून घेतली. पहाटे पाचची बस. कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून तेवढं तरी निभलं.

पहिल्या पगाराच्या दिवशी ती आली आणि मी चालू असताना आईसमोर उभी राहिली. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "सही चौदा हजारावर घेतात. हातात आठ देतात. आप्पांना सांगू नको."

बसवंत समोरच होता. त्यानं ओठ वाचले. मान खाली घालून तो तुटलेला धागा जोडत राहिला. त्या दिवसापासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं.

हप्ता पाच हजार दोनशे. आठातून तो गेला की काय उरतं ते शाळेतलं पोरही सांगेल. उन्हाळ्यात शाळा बंद, तेव्हा पगारही बंद. साड्यांना उठाव नाही. तीन हप्ते थकले आणि मारुतीराव आले.

"मारुतीअण्णा, हप्ता तीन हजार करून द्या," बसवंत म्हणाला. "बुडवत न्हाय आम्ही."

"कसा करू रं? पोरीचा पगार चौदा हाय. शाळेचा दाखला आमच्याकडं हाय. चौदावाल्याला सवलत दिली तर आठवाल्यानं काय करायचं?"

"आठवाल्याला देता काय सवलत?" अंजनीनं विचारलं.

"देतो की. आठ असंल तर अर्ज करा, बोर्डापुढं ठेवतो."

खरं सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर मी जाणार. बसवंतनं माझ्यावरच्या अर्ध्या साडीवरून हात फिरवला. "चढवलेला ताणा कापत न्हाईत, अण्णा. एवढा संपू दे. मग न्या."

न्या म्हणाला. मला. माझ्या अंगात वीज नव्हती, तरी मी थरथरलो.

तेव्हा आरोही बोलली. माझ्याजवळ उभं राहून बोलायची जन्माची सवय. मी बंद आहे, गल्लीतले सगळे माग बंद आहेत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आठच मिळत्यात! चौदावर नुसती सही घेत्यात! आम्हा अकरा जणींची!"

माझ्या खडखडाटावर चढवायचा आवाज होता तो. समोरच्या दारात अक्काताई तांदूळ निवडत होत्या, त्यांचं सूप थांबलं. त्यांचा जावई निपाणीला तंबाखूच्या वखारीत आहे.

"हळू गं," अंजनी म्हणाली. उशीर झाला होता.

मारुतीराव चपला घालत पुटपुटले, "लेखी द्या." आरोहीनं त्याच दिवशी दिलं.

बुधवारी शाळेच्या फाटकावर शिपायानं तिला अडवलं. आत घेऊ नका, असं सांगितलंय म्हणाला. तिनं पदवी मागितली. साहेब गावाला गेलेत, हे उत्तर. पुढच्या आठवड्यातही साहेब गावालाच होते.

आता मी दिवसाला वीतभर विणतो. बसवंत धागा जोडायला मुद्दाम वेळ लावतो. साडीचा पदर राहिला आहे. तो संपला की घण येणार. आरोही माझ्याजवळ बसून कांड्या भरते आणि बारीक आवाजात बोलते. तिनं पुन्हा ओरडावं, एवढंच माझं मागणं आहे.

तिच्या अर्जाला सोसायटीचं उत्तर आलं: दाखल्यावर चौदा आहेत, दाखला ग्राह्य. शाळा म्हणते, चौदावर सही आहे, सही खरी. अकरा जणींच्या पगारातले महिन्याला सहासहा हजार कोण घेत होतं, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.