अडकलेली पुंगळी

“दुसऱ्याच्या हातून परत आलेली बंदूक आधी आतून बघायची. देणारा सख्खा भाऊ असला तरी.”

आगाफियाचा नवरा निकिफोर असं सांगायचा आणि ती मान डोलवायची. आज सकाळी मात्र तिनं बघितलं नव्हतं. धाकट्या दिरानं, झाखारनं, चारचौघांत धक्क्यावर रायफल तिच्या हातात ठेवली. नेम बरोबर लावून आणलाय म्हणाला. त्याच्या देखत नळीत डोकावायचं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. आमच्या नदीकाठी असं कुणी करत नाही.

आणि आता मूस, बैलाहून थोराड असं ते फताड्या शिंगांचं हरीण, खांद्यात गोळी घेऊन, समोरच्या झुडपांत शिरलं होतं आणि रायफल मुकी झाली होती.

पहिली गोळी लागली तेव्हा तो गुडघ्यांवर आला. मान वळवून त्यानं तिच्याकडे बघितलं. पुढचं काडतूस आपोआप वर आलं, पण आत जाईना. आधीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी नळीच्या मागच्या टोकाला, काडतुसाच्या घरातच, रुतून बसली होती. तिला ओढणाऱ्या आकडीनं तिची कड तेवढी कुरतडून आणली होती. मूस लटपटत उठला. “आलेच मी,” आगाफिया त्याला हळूच म्हणाली. मग फांद्या हलल्या आणि थांबल्या.

जनावर आपण होऊन देह देतं, असं गावातले म्हातारे सांगतात. ते देणं अर्धं घ्यायचं आणि अर्धं चिखलात टाकायचं, यापेक्षा न मागितलेलं बरं. त्यात हे मांस निकिफोरला जाऊन चाळीस दिवस होतील त्या दिवसाच्या जेवणाचं होतं. रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की सगळा गाव तिच्या घरी पानावर बसणार होता.

सोबत आलेल्या झाखारनं वर आलेलं काडतूस सांभाळून काढून घेतलं आणि आत बोट घातलं. बोट काळंकुट्ट निघालं.

“नेम लावताना कुठली काडतुसं वापरलीस?” तिनं विचारलं.

“ती पोलादी. स्वस्तातली. तुझी पितळी आजच्यासाठी जपली ना मी, वहिनी.”

जपली होती खरी, आणि तिथंच घोटाळा झाला होता. पोलादी पुंगळी पितळेसारखी फुगून घराला घट्ट बसत नाही. उरलेल्या फटीतून धूर मागं येतो आणि काजळीचे थर चढतात. त्या काजळीत पितळी काडतूस तापून फुगलं की मग निघत नाही. साफ करायला त्याला सवडच झाली नव्हती. भावाच्या कबरीवर क्रूस उभा करायची घाई होती. हे त्यानं खाली मान घालून सांगितलं.

घायाळ मुसाच्या मागं लगेच धावायचं नसतं. त्याला निवांत पडू द्यावं लागतं, नाहीतर तो मैलभर पळतो. पण इकडे समुद्राच्या ओहोटीबरोबर नदीचं पाणीही उतरू लागलं होतं. काठाचा चिखल उघडा पडत चालला होता. अजून थोडं पाणी उतरलं की दोघं ज्या होडीनं आले होते ती चिखलात रुतून सकाळपर्यंत हलणार नव्हती. आगाफिया उठली, पाण्याकडे बघून आली, बसली, पुन्हा उठली. बुधवारचा उपास होता, पोटात नुसता चहा. झुडपांत कावळा ओरडला की ती तिकडे वळून बघे. कावळ्यांसारखा अस्वलांनाही रक्ताचा वास लागतो.

“उद्या येऊ की. नाहीतर दुसरा मिळेल,” झाखार म्हणाला.

ती रायफल मांडीवर घेऊन बसली. तेव्हा त्यानं कुऱ्हाड उचलली. रायफलीचं काडतूस पुढं-मागं सरकवणाऱ्या दांड्यावर एक ठोका दिला की सुटेल म्हणाला.

“आणि दांडा मोडला म्हणजे? ठेव ती खाली.”

त्यानं नळीत बसेल अशी सरळ फांदी तासली. आगाफियानं अडकलेल्या पुंगळीभोवती होडीच्या इंजिनाचं तेल सोडलं. मग नळीच्या तोंडातून फांदी घालून तो हलक्या हातानं ठोकत राहिला आणि प्रत्येक ठोक्याला ती मनात “प्रभो, दया कर” म्हणत राहिली. फांदी आत मोडली असती तर सगळंच संपलं असतं. फांदी करकरली. मग खुट् झालं आणि काळी पुंगळी गवतात पडली.

तिनं चिंधीनं घर पुसलं आणि नळी उजेडाकडे धरून आरपार बघितली. आकडीचा दातही तुटला होता, म्हणजे पुढची पुंगळी आपोआप निघणार नव्हती. आता एकच बार. चुकला तर पुन्हा फांदी.

“मी येतो,” झाखार म्हणाला. “चूक माझी आहे.”

“तू होडी पाण्यात ठेव. पाणी जाईल तसतसा खाली सरक. मी हाक मारीन.”

“वहिनी, आत अस्वल असलं तर?”

“असलं तर त्यालाही उपास घडेल,” ती म्हणाली. झाखारला हसू आलं नाही.

तिनं पुसलेलं एक काडतूस आत सरकवलं, स्वतःवर क्रूसाची खूण केली आणि वाकून पहिल्या पानावरचं रक्त बोटानं चाचपलं. अजून ओलं होतं. मग फांद्यांचा आवाज न करता ती आत शिरली.