स्टेशनाची पाठ

माझ्या धाकट्या भावाला मी आजवर खूप बोलले आहे आणि यापुढेही बोलणार आहे, कारण तो ऐकून घेतो. पासष्टीला आला तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणतात. निवृत्त झाला आणि माझ्याकडे राहायला आला तो एका पेटीत कपडे आणि बाकी सगळ्या पेट्यांत आगगाड्या घेऊन. माझी शिवणाची खोली गेली ती त्याच दिवशी.

गावात छोट्या रेल्वेवाल्यांचं एक मंडळ आहे. प्रत्येकाने घरी एक फळी सजवायची, तिच्यावर रूळ, घरं, झाडं, डोंगर. मग वर्षातून एकदा सभागृहात सगळ्या फळ्या टेबलांवर कडेला कड लावून जोडायच्या, की मोठा गोल तयार होतो आणि त्यावरून दिवसभर गाड्या पळतात. ज्याची फळी त्या गोलात बसली आणि जिच्यावरून गाड्या धड गेल्या, तो सभासद. बाकीचे नुसते उमेदवार. आमचा धाकटा कित्येक वर्षं उमेदवारच. गेल्या खेपेला त्याचे रूळ शेजारच्या फळीपेक्षा नखभर वर आले, आणि फळी परत पाठवली. ती मांडीवर घेऊन तो रिक्षातून उतरला, तेव्हा त्याचं तोंड मला बघवेना.

"ताई, या वर्षी नाही जमलं तर नाद सोडतो मी," तो म्हणाला.

हा नाद सुटला तर त्याच्याकडे उरणार काय? मी आणि टीव्ही! म्हटलं, "सोडतोस कशाला? मी आहे ना."

मी जन्मभर दंतवैद्यांना कवळ्या बनवून दिल्या. प्लास्टर, मेण, बारीक कोरण्या, ब्रश, सगळं घरात पडून होतं. माणसाचा जबडा हुबेहूब करते, तर डोंगर म्हणजे काय मोठंसं! तारेच्या जाळीवर प्लास्टरात बुडवलेल्या पट्ट्या टाकल्या, वाळल्यावर कोरून कडे काढले. झाडांसाठी तार पिळली, तिच्यावर रंगवलेल्या स्पंजाचा चुरा चिकटवला. रुळांखालची खडी म्हणजे चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू. गाळणी माझी, हे सांगायला नकोच.

स्टेशनला मात्र त्याने मला हात लावू दिला नाही. जाड पुठ्ठा कापून, भिंतींवर एकेक वीट सुईने ओढून, खिडक्यांना काच, छपराखाली नक्षीच्या कमानी, प्रतीक्षालयात दिवा. एक घड्याळ लावायला त्याने अख्खा आठवडा घालवला. "अरे, एवढ्यात खरं स्टेशन उभं राहिलं असतं," मी म्हणायचे. तो नुसता हसायचा आणि पुन्हा भिंग लावून बसायचा.

फळीवर रूळ त्याने आपल्याकडच्या कडेला घेतले होते. त्यांच्यापलीकडे फलाट, मग स्टेशन, आणि स्टेशनच्या मागे भिंतीकडे बरीच जागा उरली होती. "ती तू भर," तो म्हणाला. "तिथे कुणी बघत नाही. काय वाटेल ते कर."

मग काय, मला रान मोकळं! स्टेशनच्या मागे मी मला हवा तसा संसार थाटला. बनियनवर दाढी करणारा स्टेशनमास्तर. हातगाडीवर तोंड उघडं टाकून घोरणारा हमाल. दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि त्यातली एक गुलाबी गोधडी कवळीच्या हिरड्यांच्या प्लास्टिकची. बिजागरी निखळलेलं संडासाचं दार. कोळशाच्या ढिगावर चढलेली शेळी. आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांना फैलावर घेणारी एक बाई. धाकट्याने ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि शहाण्यासारखा आपल्या घड्याळाकडे वळला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सभागृहात फळ्या जुळायला लागल्या. मंडळाचे अध्यक्ष चष्मा कपाळावर ठेवून फिरत होते. आमच्या फळीपाशी आले, रुळांच्या जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "उंची अगदी बरोबर." माझा जीव भांड्यात पडला. फळी उचलली, जागेवर नेली, दोन्हीकडे क्लॅम्प लावले.

आणि मी कपाळावर हात मारला.

गोलाच्या बाहेर, दोरीपलीकडे, लोक उभे राहतात, आत उभे राहतात गाड्या चालवणारे. गेल्या वर्षापर्यंत रूळ फळीच्या मधोमध असायचे; घसरलेला डबा चटकन उचलता यावा म्हणून या वर्षी मंडळाने ते आतल्या कडेला घेतले होते. धाकट्याने नवं माप घेतलं होतं ते मंडळाच्या गोदामात. तिथे भिंतीला एक कोरी फळी टेकवलेली होती, तिच्यावर नुसते रूळ. रूळ म्हणजे पुढची बाजू, असं तो आपला धरून चालला. रेल्वेचं वेड असलेल्या माणसाला रूळ मागे असतील हे सुचणार तरी कसं! फळी फिरवावी तर रूळ बाहेर येतात, शेजारच्यांना जुळत नाहीत. म्हणजे त्याचं ते कमानींचं स्टेशन लोकांकडे पाठ करून उभं, आणि लोकांसमोर काय? माझा संडास.

"मेल्या, एकदा विचारायचं तरी होतंस कुणाला!" मी ओरडले. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. तो टेबलाखालून वाकून गोलात शिरला आणि बटणांपाशी जाऊन उभा राहिला.

दिवसभर मी बाहेर उभी. आणि लोक, काय सांगू, आमच्याच फळीपाशी घुटमळत होते. "अगं, शेळी बघ!" "ती बाई तर थेट आपल्या आत्यासारखी!" हसत होते, एकमेकांना बोलावून आणत होते. दुसरी वेळ असती तर मी तरंगले असते. पण प्रत्येक हसण्याबरोबर माझं काळीज चिरत होतं. त्याच्या विटा, त्याच्या कमानी, कुणाला काही दिसत नव्हतं. माझ्या थट्टेने त्याची मेहनत झाकली, असं मला वाटत होतं, आणि त्यावर काय करावं ते कळत नव्हतं.

संध्याकाळी लोक पांगल्यावर अध्यक्ष आले. मी पदर मुठीत घट्ट धरला.

"दिवसभरात तुमच्या फळीवर एकही डबा घसरला नाही," ते आत उभ्या असलेल्या धाकट्याला म्हणाले. "आमची ना नाही. आजपासून तुम्ही सभासद. फक्त पुढच्या वर्षी एवढं स्टेशन उचलून फिरवून लावा. इतकं देखणं काम, लोकांना दिसायला नको?"

मी म्हणणारच होते की हो, हो, आजच फिरवतो. तेवढ्यात धाकटा म्हणाला, "नाही फिरवणार."

मला वाटलं माझेच कान गेले. ज्याने वाण्यालाही कधी नाही म्हटलेलं नाही, तो माणूस! आता याने हातातलं घालवलं, मी मनात म्हटलं. अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "का बरं?"

"आत या, मग सांगतो. ताई, तूसुद्धा ये."

माझे गुडघे आणि ते टेबल यांचं काय झालं ते मी सांगत नाही. पण वाकून, कण्हत, अध्यक्षांच्या हाताला धरून मी गोलात शिरले आणि धाकट्याशेजारी एका स्टुलावर बसले.

त्याने बटण फिरवलं. पलीकडून, माझ्या डोंगराला वळसा घालून गाडी आली. प्रतीक्षालयातला दिवा लागला होता, कमानींच्या सावल्या फलाटावर पडल्या होत्या. गाडी हळू होत होत बरोबर घड्याळाखाली थांबली. सगळं स्टेशन आमच्याकडे तोंड करून उभं होतं.

"इतकी वर्षं मी दोरीच्या बाहेर उभा राहून दुसऱ्यांची स्टेशनं बघितली," धाकटा म्हणाला. "आज सकाळी इथे येऊन उभा राहिलो, वाटलं आता रडू कोसळणार. मग पहिली गाडी आली. ताई, दिवसभर प्रत्येक गाडी माझ्याकडे येत होती. लोकांना तुझी बाजू आवडली ना? त्यांना ती असू दे. ही माझी आहे."

अध्यक्ष बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "राहू द्या. आहे तसंच राहू द्या." आणि गाडी पुन्हा एकदा आणायला सांगितली.

माझे डोळे भरून आले होते, ते कुणाला दाखवायची मला हौस नाही. गाडी वळणावरून दिसायला लागली तसे ते दोघे पुढे झुकले, आणि मला त्यांच्या पाठींशिवाय काही दिसेना. मी धाकट्याला कोपराने ढोसलं.

"सरक की जरा," मी म्हटलं, "मलाही बघू दे."