नुसत्या बाह्या

नणंद नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घरातली एकुलती एक मोठ्या खिडकीची खोली रिकामी झाली. मी शिवणकाम करते. नऊ वर्षं माझं मशीन जिन्याखालच्या बोळकांडीत आहे. तिथे भर दुपारी दिवा लावून काळ्या कापडावर काळा दोरा शोधायचा, म्हणजे डोळ्यांचं वाटोळं. ती खोली मला हवी होती. पण मी तोंड उघडायच्या आत धाकट्या दिरांनी तिथे आपलं बस्तान मांडलं. त्यांना म्हणे कॉम्प्युटरवर लढाया खेळायला शांतता लागते. लढाईला शांतता!

मी कुरकुर केली. तेव्हा भाऊजी हसत म्हणाले, "वहिनी, मला खेळात हरवा आणि खोली घ्या. तीन डाव. हवं तर महिनाभर सराव करा."

"कशाला उगाच?" नवरा म्हणाला. त्या 'कशाला उगाच'मुळेच मी हो म्हटलं.

खेळ तसा सोपा. भालेवाले घोडेस्वारांना अडवतात, घोडेस्वार तिरंदाजांना चिरडतात, तिरंदाज भालेवाल्यांना लांबूनच टिपतात. समोरच्याचा झेंडा पाडला की डाव आपला. हे मी दोन दिवसांत पाठ केलं. सैन्य उभं करायचा माझा वेगही चांगला होता, कारण मी शिवते तशीच खेळत होते. वीस शर्ट आले की एकेक शर्ट पुरा करत बसायचं नसतं. आधी वीस कॉलर, मग चाळीस बाह्या, मग काजं. हाताला लय लागते, वेळ वाचतो. तसंच मी आधी सगळे तिरंदाज तयार केले की लगेच रवाना, मग सगळे भालेवाले रवाना, आणि शेवटी घोडे.

ठरलेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर मांडले. पहिल्या डावात माझे तीस तिरंदाज ऐटीत निघाले आणि भाऊजींच्या घोड्यांनी त्यांचा पार चुराडा केला. मग माझे भालेवाले गेले, त्यांना त्यांच्या तिरंदाजांनी टिपलं. माझे घोडे गेले, ते थेट भाल्यांवर जाऊन आपटले.

"वाहवा वहिनी, कशी छान रांग लावून येताय!" भाऊजी म्हणाले. माझे कान तापले.

सासूबाई शेजारी शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अगं, गिऱ्हाइकाला तू आधी नुसत्या बाह्या पाठवतेस का?"

"नाही आई."

"मग?"

मी जीभ चावली. काम तुकड्यातुकड्यांनी करावं, पण दाराबाहेर पडताना शर्ट जोडलेला हवा. एवढी साधी गोष्ट, आणि महिनाभर माझ्या डोक्यात आली नव्हती!

दुसऱ्या डावात मी सगळे तयार होईपर्यंत कुणाला हलूच दिलं नाही. भाऊजींच्या टोळ्या येऊन डिवचून गेल्या, मी ढिम्म. मग भालेवाले पुढे, तिरंदाज त्यांच्या पाठीशी, घोडे दोन्ही अंगांना, आणि चाल सगळ्यांची एकच, सर्वांत सावकाश चालणाऱ्याची. भाऊजींचे घोडे सवयीने तिरंदाजांवर धावले ते भाल्यांत अडकले, आणि अडकलेल्यांवर मागून बाण पडले. मग त्यांनी तिरंदाज पुढे काढले, तर माझे घोडे बाजूने वळून त्यांच्या अंगावर गेले. डाव माझा! नवरा खुर्ची ओढून जवळ बसला.

तिसऱ्या डावात भाऊजींनीही सगळे एकत्र आणले. अर्धा तास कुणी कुणाला हटवेना. पण भाऊजींना दम नाही, हे आख्ख्या घराला ठाऊक आहे. मी नुसती थांबले. शेवटी वैतागून त्यांनी घोडे एकटेच सोडले. मी भालेवाल्यांना वळवलं आणि घोड्यांचा निकाल लावला. आता माझ्या तिरंदाजांना कुणाची भीती उरली नाही, त्यांनी भाऊजींचे भालेवाले लांबूनच टिपले, आणि त्यांच्या तिरंदाजांना वाचवायला कुणी उरलं नाही. थोड्याच वेळात माझे स्वार झेंड्यापाशी जाऊन उभे राहिले.

भाऊजींनी माउसवरचा हात काढला. "वहिनी, बरोबरी करून टाकू. सकाळी खोली तुमची, संध्याकाळी माझी. चालेल?"

सगळे निवांत झाले. कारण या घरात 'चालेल?' असं विचारलं की मी 'चालेल' म्हणते. भाजी कुठली, सुट्टीत जायचं कुठे, पंखा कुणाकडे फिरवायचा, सगळंच मला चालतं. आताही तो शब्द अगदी ओठांवर आला होता. नवरा तर उठायलाही लागला.

"नाही चालणार," मी म्हटलं, आणि झेंडा पाडला.

माझा आवाज मला जरा मोठाच वाटला. सासूबाईंनी पहिल्यांदाच कोड्यातून मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग धाकट्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस ना? ऊठ, मशीनचं एक टोक धर."

नऊ वर्षांत या घरात मी पहिल्यांदाच मला हवं ते मागून घेतलं होतं. इतकं बरं वाटलं, की दुसरं टोक धरता धरता मला हसूच आवरेना.