तीन मेणबत्त्यांचं उत्तर

एका पत्राचं उत्तर मी कधी दिलं नव्हतं. पत्र लहानसं, रेघांच्या कागदावर लिहिलेलं, आणि शेवटची ओळ ठळक अधोरेखित केलेली: ‘लवकर कळवा, प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे.’ लिहिणारी दूरच्या एका गावातली सहावीतली मुलगी होती. मी कधीकाळी मुलांसाठी सोप्या प्रयोगांचं एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. ते तिला शाळेच्या कपाटात सापडलं होतं.

त्यातला एक प्रयोग असा. बशीत पाणी घ्यायचं, मधोमध मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर काचेची बरणी उपडी घालायची. जरा वेळानं मेणबत्ती विझते आणि बरणीत पाणी चढतं. मेणबत्तीनं हवेतला प्राणवायू खाल्ला आणि त्याची जागा पाण्यानं घेतली, असं कारण मी मोठ्या थाटात दिलं होतं.

मुलीनं लिहिलं होतं, ‘काका, मी एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी कितीतरी जास्त चढलं. बरणी तीच, म्हणजे प्राणवायूही तेवढाच. मग पाणी जास्त का?’

मला उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार तरी कुठून? तो प्रयोग मी कधी केलाच नव्हता. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. शंका आली की आम्ही तीन पुस्तकं उघडायचो, आणि तिन्हींत एकच गोष्ट निघाली की समासात बरोबरची खूण करून पुढं सरकायचो. माझं पुस्तकही मी तसंच लिहिलं, वाचनालयात बसून, एकही काडी न ओढता. त्या तीन पुस्तकांनी एकमेकांवरूनच उतरवून घेतलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

उत्तर लिहायला बसलो की मायन्यालाच अडायचो. ‘प्रिय’ म्हणावं तर मुलगी परकी, ‘चिरंजीव’ म्हणावं तर उगाच वडीलकी. मायना ठरेपर्यंत तिचं प्रदर्शन होऊन गेलं. मग ते पत्र मी शब्दकोशात ठेवलं. तो शब्दकोश उघडायची लाज वाटू लागली, तेव्हा दुसरा विकत घेतला.

यंदा माझी नात सहावीत गेली. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. त्या दिवशी मात्र शाळेतून आली ती दप्तर टाकून माझ्या खुर्चीसमोर फरशीवर बसूनच राहिली.

“आजोबा, सोमवारी विषय द्यायचाय, विज्ञान प्रदर्शनाचा. नाही दिला तर बाई मला ज्वालामुखीच्या गटात टाकणार.”

“ज्वालामुखी वाईट असतो का?”

“मागच्या वर्षी मी त्यातच होते! दिवसभर पुठ्ठ्याचं झाड धरून उभी होते. ज्वालामुखीशेजारी झाड कशाला लागतं, सांगा बरं? मला माझं स्वतःचं टेबल पाहिजे.”

“मग घे की एखादा विषय.”

“बाईंची अट आहे. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, असा प्रश्न आणायचा नाही.”

ही अट ऐकून मला बाईंविषयी आदर वाटला आणि थोडी भीतीही.

दोन दिवस भिंगरीनं सगळ्यांना पिडलं. कोपऱ्यावरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात मला हाताला धरून नेलं. दुकानदारानं न विचारताच तीन खोकी पुढ्यात ठेवली. “ज्वालामुखी, पवनचक्की, सूर्यमाला. सूर्यमालेत एक ग्रह कमी आहे, ती स्वस्तात देतो.”

“पण कमी ग्रह घेऊन मी काय करू?”

“परीक्षक मोजत नाहीत, बाळ. इतकी वर्षं विकतोय.”

माझ्या मुलानं ऑफिसातून तिला फोनवर ढीगभर व्हिडिओ पाठवले. प्रत्येकात शेवटी काहीतरी फुटत होतं. सून दवाखान्यात परिचारिका आहे. ती पदर खोचून स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. “स्फोट, धूर आणि रंग माझ्या ओट्यावर चालणार नाहीत. बाकी काय वाट्टेल ते करा.”

“आई, बाकी काही उरतं का?”

रविवारी सकाळी मोर्चा माझ्याकडे वळला. “आजोबा, तुम्ही तर प्रयोगांचं अख्खं पुस्तक लिहिलंय!”

“ते आता जुनं झालं गं.”

“काढा ना!”

काढलं. ती पोटावर पालथी पडून पानं उलटत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. “सगळ्यांची उत्तरं खालीच छापलीत. बाई एका मिनिटात परत पाठवतील. झालं. धरते मी झाड.”

तिनं पुस्तक इतक्या हळू मिटलं की मला राहवलं नाही. नाहीतर आजवर मी ते लपवतच आलो होतो.

“त्यातलं एक उत्तर,” मी म्हणालो, “बहुतेक चुकीचं आहे.”

भिंगरी ताडकन उठली. “कुठलं?”

मी कपाटाच्या वरच्या फळीवरून जुना शब्दकोश उतरवला, पत्र काढून तिच्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिलो. आता ही विचारणार, तुम्ही काय उत्तर दिलंत? आणि मी काय सांगणार?

तिनं पत्र दोनदा वाचलं. “आजोबा, खरं सांगा. तुम्हाला अजूनही उत्तर माहीत नाही?”

“नाही.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

“कित्ती छान!” असं ओरडून ती स्वयंपाकघरात पळाली. माझ्या अज्ञानानं कुणाला एवढा आनंद झाल्याचं मला तरी आठवत नाही.

पाण्यात शाईचे थेंब टाकले. सुनेनं वाढदिवसाच्या उरलेल्या मेणबत्त्या दिल्या आणि ‘रंग नको म्हटलं होतं’ असं पुटपुटत ओट्यावर वर्तमानपत्रही अंथरलं. मी वही घेऊन स्टुलावर बसलो. आधी एक मेणबत्ती. विझली, निळं पाणी बरणीत बोटभर चढलं. मग तीन. पाणी जवळजवळ दुप्पट चढलं.

“ताईचं बरोबर आहे!” भिंगरी म्हणाली. पत्रातली मुलगी तिची ताई होऊनही गेली होती.

मी लिहून घेतलं. “पुन्हा करू. तीन वेळा तरी—”

“आजोबा, वहीत नका बघू, बशीत बघा!”

पाहिलं. पुन्हा बरणी घालताच काठाखालून बुडबुडे निघाले. मेणबत्त्या जळत होत्या तोवर पाणी जेमतेम हललं. त्या विझल्या आणि मग ते सरसर वर गेलं.

“प्राणवायू खाल्ल्यामुळे चढत असेल, तर जळताना चढायला पाहिजे ना?” भिंगरी म्हणाली. “हे तर जेवण झाल्यावर चढतंय.”

“आणि बुडबुडे कसले?” मी विचारलं. माझ्या तोंडून प्रश्न निघाला याचं मलाच नवल वाटलं.

सून मागं उभी राहून पाहत होती. “बाबा, मी गरम सूप डब्यात भरून झाकण घट्ट लावते ना, ते गार झालं की झाकण आत खेचलं जातं. तसलंच काही नसेल?”

मग तिघांनी मिळून एकेक पायरी जुळवली. गरम हवा फुगते. फुगलेली हवा बुडबुड्यांतून बाहेर जाते. मेणबत्त्या विझल्या की उरलेली हवा गार होऊन आकसते, आणि तिच्या जागी पाणी शिरतं. तीन मेणबत्त्या म्हणजे उष्णता जास्त, म्हणून पाणीही जास्त.

“म्हणजे कळलं!” सून म्हणाली.

“कळलं नाही, नुसतं वाटलं,” मी म्हणालो. इतक्या वर्षांनी पुन्हा न पाहता खूण करायची नव्हती. “मेणबत्तीशिवाय झालं तर खरं.”

सुनेनं बरणीत कढत पाणी घालून खळखळून ओतून टाकलं आणि फडक्यानं धरून ती रिकामी बरणी बशीत उपडी ठेवली. ना ज्योत, ना धूर. आम्ही बशीवर वाकलो. निळं पाणी हळूहळू वर निघालं. भिंगरीनं आईला मिठी मारली, मला मिठी मारली, आणि बशी कलंडली. ओट्यावर व्हायचा तेवढा रंग झाला. सुनेचं लक्ष मात्र बरणीकडेच होतं.

बाईंनी विषय मान्य केला. भिंगरीला खिडकीजवळचं टेबल मिळालं. तिनं फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘माझ्या आजोबांच्या पुस्तकातली चूक’. प्रदर्शनाला जाऊ नये असं माझ्या मनात होतं, पण भिंगरीनं माझा सदरा स्वतः इस्त्री केला. मग काय बोलणार? गेलो आणि फलकामागच्या स्टुलावर, कुणाला दिसणार नाही असा बसलो. शेजारच्या टेबलावर ज्वालामुखी दर थोड्या वेळानं फसफसत होता आणि एक मुलगा झाड धरून उभा होता.

परीक्षक बाई कॉलेजात शिकवणाऱ्या होत्या. त्यांनी भिंगरीला खोदून खोदून विचारलं. “मग मेणबत्ती प्राणवायू वापरतच नाही का?”

“वापरते की. पण पाणी इतकं चढायला मुख्य कारण ते नाही. हे बघा ना, इथं मेणबत्तीच नाही.” आणि तिनं गरम बरणी उपडी घातली.

बाईंनी वाकून पाणी चढताना पाहिलं. “आणि हे चुकलेले लेखक कुठं असतात?”

“हे काय, फलकामागे लपलेत.”

मला उठावंच लागलं. माझे कान तापले होते. बाई हसल्या, पण चांगलं हसल्या. “छापलेली चूक अशी मांडायला लेखक सहसा येत नाहीत हो.” मग फलकाच्या तळाशी भिंगरीनं लिहिलेली ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली: “‘मूळ प्रश्न: एका ताईचा.’ मग या ताईला कळवलंत का उत्तर?”

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं.

तिला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. पहिला नंबर ज्वालामुखीचा. “चालेल,” भिंगरी म्हणाली, “पुढच्या वर्षीही मला टेबल देणारेत. आमच्या वर्गाच्या बाईंनी सांगितलं.” घरी येताच तिनं माझ्यासमोर कागद आणि पेन ठेवलं.

“अगं, ती आता केवढी मोठी झाली असेल. त्या घरी राहत तरी असेल का?”

“मग तिथले लोक पुढं पाठवतील. लिहा.”

“मायना काय घालू?”

“ताई म्हणा ना!”

इतकं सोपं होतं. ‘ताई,’ मी लिहिलं, ‘तुमचं बरोबर होतं, माझं पुस्तक चुकलं होतं. उत्तराला उशीर झाला, कारण ते मला ठाऊक नव्हतं आणि शोधायचं कसं तेही ठाऊक नव्हतं. ते शोधणाऱ्या मुलीनं सोबत चित्र काढून दिलं आहे.’ पुढं प्रयोग लिहिला, गरम बरणीचासुद्धा, आणि खाली सही केली.

कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपाशी मी पाकीट तीनदा उलटसुलट करून पाहिलं. तिकीट लावलं होतं. पत्ता बरोबर होता.

“आजोबा, टाका आता!”

टाकलं. आत ते तळाशी पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.