नव्वदावर अडकलेला काटा

मित्रांनो, ताईंच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं पितळी डबडं दिसलं, तर हसू नका. तो मीच. मी एक जुना दाबमापक आहे. कारखान्यात मला सगळे गेज म्हणतात. माझ्या पोटात एक वाकडी नळी आहे. आत दाब आला की ती किंचित सरळ होते, दातेरी चक्राला ओढते आणि माझा काटा पुढे सरकतो. यंत्र एवढंसंच, पण माझा रुबाब विचारू नका!

माझ्या तबकडीवर शून्य ते शंभर आकडे आहेत. पहिली नोकरी एका जहाजावर केली. जहाज मोडीत निघालं आणि मी भंगाराच्या ढिगाऱ्यात पडलो. तिथून मला उचललं दादांनी. दादा म्हणजे बॉयलर दुरुस्त करणारे एक फिटर. पत्र्याची शेड, हाताखाली एक वेल्डर आणि कामाची दांडगी हौस, एवढीच त्यांची कंपनी होती.

त्यांनी स्वतःचा पहिला बॉयलर बनवला तो एका धुलाईघरासाठी. नवा बॉयलर झाला की त्यात काठोकाठ पाणी भरतात, पंपाने दाब चढवतात आणि अर्धा तास तसाच ठेवतात. काटा जागचा हलला नाही तर बॉयलर पास. घसरला, तर कुठेतरी गळती आहे. त्या दिवशी माझा काटा जेमतेम पंधरापर्यंत गेला. वेल्डर हसत सुटला.

"दादा, बाळाला आजोबांचा कोट घातलात की!"

"वाढेल की बाळ," दादा म्हणाले.

दादांची एक सवय होती. काटा वाचण्याआधी ते माझ्या काचेवर दोन टिचक्या मारायचे आणि म्हणायचे, "खरं सांग रे." काटा कधीकधी आळसावून एका जागी बसतो, टिचकीने जागा होतो, हे त्यांना ठाऊक होतं. मला मात्र वाटायचं, हा माणूस माझी विचारपूस करतोय. मी जीव तोडून खरं सांगायचो.

आणि बाळ खरंच वाढलं. डेअरीच्या बॉयलरला माझा काटा वीसवर गेला, कागद गिरणीच्या बॉयलरला पंचेचाळीसवर. शेडच्या जागी उंच छपराचा कारखाना आला, क्रेन आली. वेल्डरचे केस पिकले आणि तो सगळ्यांचा वेल्डरकाका झाला. दादांची लेक इंजिनिअर होऊन कामात आली. त्याच या ताई. हुशार, कडक, आणि वडिलांवर भारी जीव. फक्त एका गोष्टीची त्यांना लाज वाटायची.

"दादा, पाहुण्यांसमोर गेजशी बोलू नका हो."

"मग काय पाहुण्यांशी बोलू? त्यांना दाब कुठे माहीत असतो?"

मग एका वीजघराचं काम आलं. एवढा मोठा बॉयलर आम्ही कधी केला नव्हता. तो पूर्ण होण्याआधीच दादांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. तरी चाचणीच्या सकाळी ताईंनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून कारखान्यात आणलं. वीजघराचे साहेब आले होते. पंप सुरू झाला. साठ, सत्तर, ऐंशी... आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा काटा नव्वदावर पोहोचला. अभिमानाने मी फुगलो होतो!

दहाच मिनिटांत माझ्या पोटातली नळी हळूहळू वाकू लागली. दाब उतरत होता. पण काटा हलेना! नव्वदाजवळचे माझे दाते कधी वापरलेच गेले नव्हते. त्यांत जुनं ग्रीस सुकून दगड झालं होतं. मी आतून ओरडत होतो आणि बाहेर ताठ उभा राहून धडधडीत खोटं दाखवत होतो. त्या बॉयलरच्या शेजारी उद्या माणसं कामाला उभी राहणार होती. मित्रांनो, तेवढा असहाय मी भंगारातही नव्हतो.

अर्धा तास झाला. टाळ्या पडल्या. ताईंनी सही करायला पेन काढलं.

टक, टक.

दादांच्या डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर पडलं होतं. पुन्हा, टक, टक.

"पाणी हवंय वाटतं त्यांना," वेल्डरकाका म्हणाले.

ताईंनी वडिलांकडे पाहिलं आणि पेन खिशात घातलं. सगळ्या पाहुण्यांदेखत त्या माझ्याजवळ आल्या, दोन टिचक्या मारल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "खरं सांग रे."

काटा सुटला आणि थेट अठ्ठ्याहत्तरवर आला.

शोधाशोध झाली. बॉयलरच्या तळाशी एका सांध्यातून पाण्याची बारीक धार लागली होती. वेल्डरकाका खाली मान घालून म्हणाले, "माझाच सांधा आहे, ताई. घाई केली मी." साहेब चिडले, काम तीन आठवडे लांबलं. ताई खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसल्या. "दादा, मी विचारलंच नसतं हो." दादांनी त्यांच्या हातावर हलकेच दोन टिचक्या मारल्या.

आज ही कंपनी वीजघरंच्या वीजघरं उभारते. आकडे पडद्यावर उमटतात, प्रत्येक चाचणीला दोन गेज लावतात, आणि चाचणीच्या छापील फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, 'टिचकी मारली का?' दादा आता नाहीत. मी म्हातारा झालो म्हणून मला भंगाराच्या गाडीत टाकलं होतं. ताईंनी स्वतः येऊन मला बाहेर काढलं. एकदा बापाने, एकदा लेकीने. आणखी काय हवं?

मित्रांनो, तुमच्या घरात, कामावर कितीतरी जण असे नव्वदावर ताठ उभे असतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं. त्यांना एकदा हलकेच टिचकी मारून विचारत जा.

ताई मला रोज सकाळी विचारतात. मला आता कुठलीच नळी जोडलेली नाही, काटा शून्यावरच असतो. पण टिचकी पडली की तो जरासा थरथरतो. तेवढं मात्र मी अगदी खरं सांगतो.