उताणं, पालथं

चौक गावाच्या पुढे, खालापूरच्या वाटेवर डबाबंद मालाचा कारखाना आहे. उन्हाळ्यात आंब्याचा रस, एरवी मटार आणि मका. भरलेल्या डब्यावर झाकण दाबून त्याची कड वळवणारं मशीन तिथल्या लाइनच्या शेवटी आहे. त्या मशीनला झाकणं पुरवण्याचं काम छाया बरीच वर्षं करत होती.

झाकणं कागदात गुंडाळलेली येतात. त्या लांबट गुंडाळीला तिथं कांडी म्हणतात. पट्ट्याच्या पलीकडे रोहिणी निरगुडा उभी असायची. ती कांडीचा कागद फाडायची, झाकणं नजरेखालून घालायची आणि कांडी अलीकडे सरकवायची. छाया ती मशीनच्या उभ्या दांड्यांमध्ये सोडायची. झाकण पालथंच जायला हवं, रबराची बाजू खाली. एखादं उताणं गेलं की डबा गळायचा आणि लाइन थांबायची.

मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून दोघींनी हाताची खूण ठरवली होती. तळवा वर म्हणजे उताणं, थांब. तळवा खाली म्हणजे पालथं, चालू दे.

हळूहळू छाया त्या दोन खुणांत सगळंच बोलायला लागली. सकाळी भुवई उडवून तळवा खाली करायची, म्हणजे घरी सगळं ठीक. मुलीचं, सुरभीचं, ठरलेलं लग्न मोडलं त्या आठवड्यात तिनं रोज तळवा वर केला. रोहिणी तिच्याकडे बघून मान हलवायची आणि खाली वाकून भराभर कामाला लागायची. ही समजते, असं छायाला वाटायचं. घरी नवरा पोपट एका वाक्यात दोनदा "बरं" म्हणून टीव्हीकडे वळायचा. तिथं सांगण्यापेक्षा इथं सांगणं बरं होतं.

मग झाकणं भरणारं यंत्र आलं. लांब ट्रेमध्ये झाकणांच्या रांगा लावून ठेवायच्या, पुढचं ते स्वतः करतं. कंपनीनं एका बाईला त्यावर ठेवलं, ती छाया. रोहिणी ठेकेदाराची कामगार होती. एका दुपारी जेवणानंतर ठेकेदाराच्या माणसानं तिला आणि आणखी काही जणींना कामावरून कमी करायला बाहेर बोलावलं. लाइन चालू होती, छायाला हलता येईना. रोहिणी दारापाशी थांबली, वळली, आणि तळवा वर करून तिनं हात दोनदा हलवला.

छायानं तो हात मनात धरून ठेवला. माझं उलटंपालटं झालं, काहीतरी कर, असं रोहिणी म्हणाली होती.

त्या दिवसापासून ती सुपरवायझर किरण सरांच्या मागे लागली. यंत्र नवीन असल्यानं रांगेत उताणं झाकण आलं की लाल दिवा लावून थांबायचं. आठवड्यात असं बरेचदा झालं.

"सर, ट्रे भरायच्या आधी कांडी बघणारी एक बाई पायजे."

"तुम्ही बघा की."

"मी बघत बसले तर ट्रे कोण भरील? तुमी?"

किरण सर हसले. पण पुढच्या वेळी लाइन थांबल्यावर त्यांनीच वर बोलून जागा मंजूर करून घेतली. "सोमवारपासून आणा तुमच्या रोहिणीला. ती नाही आली तर जागा दुसरीला."

रविवारी सुट्टी होती. छाया मिनीडोअर रिक्षानं कर्जतला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं कोंडाणे गावाला गेली. पुढे रोहिणीच्या वाडीपर्यंत चढ होता. पिशवीत रोहिणीचा स्टीलचा डबा होता. लाइन थांबू नये म्हणून दोघी पाळीपाळीनं जेवायला जायच्या; मागून जाणारी छायाच दोघींचे डबे धुऊन पिशवीत टाकायची, त्या दिवशी तो तिच्याकडेच राहिला होता. रिकामा कसा न्यायचा म्हणून तिनं त्यात सुकटीची चटणी भरली होती.

रोहिणी अंगणात लाकडं फोडत होती. छायाला बघून तिनं कुऱ्हाड खाली टाकली.

"अगं बाई, छायाताई! वाट चुकलीस काय गं?"

"चुकले कशाला? विचारत विचारत आले. तुज्या वाडीचा चढ म्हंजे गं, कंबरडं मोडलं."

"अन् आमी रोज चढतो ते?"

आवाज ऐकून छाया क्षणभर गोंधळली. इतकी वर्षं समोर उभी असलेल्या बाईचा आवाज एवढा जाड आहे, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिनं डबा काढून पुढे केला.

रोहिणी खो खो हसली. "हाच! हाच तर मागत व्हते त्या दिवशी दारातून. एवढा हात हलवला, तर तू नुसती बघत राह्यलीस. मला वाटलं, दाबला बाईनं डबा!"

"डबा मागत व्हतीस?"

"मग काय? नवा व्हता तो."

छाया ओट्यावर बसली. पाणी प्यायली. मग तिनं जागेचं सांगितलं: उद्यापासून कांडी बघायची, तिच्यासमोरच, पगार तोच.

रोहिणीनं लाकडाची एक ढलपी बाजूला सारली.

"मी नर्सरीत जाते आता, खाली. पिशव्यांत माती भरायची. दहाबारा जणी वर्तुळ करून बसतो. पगार कमीच हाय. पण बोलता येतं गं, ताई. तिथं कंपनीत माझं तोंड बंद, कान बंद. संध्याकाळी घरी आले तरी डोक्यात मशीन चालू."

"आपण बोलायचोच की."

"काय बोलायचो? हात वर, हात खाली. तू हात उताणा केलास की मी झाकणं परत तपासायची. एकदा तर आठवडाभर करत व्हतीस, मी नुसती शोधतेय, एक उताणं सापडंल तर शपथ."

छायानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"ते झाकणाचं नव्हतं," ती म्हणाली. "सुरभीचं लग्न मोडलं व्हतं."

रोहिणीचं हसू गेलं. ती येऊन शेजारी बसली. "कवा? अगं, मग सांग ना. आता सांग."

छायानं सांगितलं. चार वाक्यांत संपलं. मुलाकडच्यांनी काय म्हटलं, पोपट काय म्हणाला, सुरभी कशी जेवत नव्हती. रोहिणीनं मधे दोनदा शिव्या घातल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. सगळं नीट होतं. पण छायाला जे परत हवं होतं ते हे नव्हतं, आणि जे हवं होतं ते पट्ट्याच्या पलीकडे कधी नव्हतंच.

"येत जा गं," निघताना रोहिणी म्हणाली. "तुझी आठवण येते. कामाची नाय येत."

"येईन," छाया म्हणाली. आठवड्यात सुट्टी एकच असते, हे दोघींना माहीत होतं.

सोमवारी किरण सरांनी विचारलं, "कुठाय तुमची रोहिणी?"

"ती नाय येणार. दुसरी घ्या."

"कोण?"

"कुणीबी. फक्त टेबल माझ्या बाजूला लावा, सर. पट्ट्याच्या पलीकडं नको."

"समोर असली की नजरेनं कळतं ना."

"नजरेनं नाय कळत."

फिटरनं मोजून पाहिलं. अलीकडे ट्रेची रांग होती, टेबल मावेना. ते पलीकडेच राहिलं. दुसऱ्या दिवशी जिजा नावाची नवी बाई येऊन तिथं उभी राहिली. तिनं पहिल्या कांडीचा कागद फाडला आणि छायाकडे बघून ओठ हलवले. काहीतरी विचारत होती.

छायानं हातातला ट्रे जागेवर लावला. मग लाइनला पूर्ण वळसा घालून ती पलीकडे गेली, जिजाच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून म्हणाली, "काय म्हणालीस गं? परत सांग."