पहिला भोंगा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच आठवड्यात चिंतामणी सरांनी मॅट्रिकच्या वर्गातल्या बत्तीस मुलांना दिनचर्येचा एकेक तक्ता दिला. सगळे स्वतः रेघा मारून, हाताने लिहिलेले. बी.एस्सी. होऊन सोलापुरात शिकवायला लागल्याला त्यांना सहाच महिने झाले होते. इथली मुलं हिवाळाभर कंदिलापुढे घोकतात आणि ऐन परीक्षेत तापाने फणफणतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. हे टाळता येण्यासारखं आहे, याची त्यांना खात्री होती.

पहिल्या भोंग्याला उठणे, वीस नमस्कार, दीड तास अभ्यास. संध्याकाळी मैदान. साडेनऊला दिवा मालवणे. निम्म्या घरांत घड्याळ नव्हतं आणि गिरणीचा भोंगा मात्र सगळ्या गावाला ऐकू येई, म्हणून उठण्याची वेळ त्यांनी भोंग्यावर ठेवली. आधी तीन दिवस अंथरुणातूनच खिशातल्या घड्याळाशी तो ताडून पाहिला होता. बरोबर साडेपाच. म्हणजे झोप आठ तास.

तक्त्यात मुलांनी रोज खूण करायची. शिवाय ओळखीच्या वखारीतून आणलेल्या काट्यावर दर पंधरवड्याला वजन. डिसेंबर उजाडला तेव्हा एकतीस मुलं होती तिथेच होती किंवा थोडी भरली होती. एकटा ईरप्पा सात पौंडांनी उतरला होता.

ईरप्पा होटगीकडच्या एका खेड्यातला. गिरणीला लागून असलेल्या चाळीत मामाकडे राहून शिकत होता. शास्त्रात वर्गात पहिला, म्हणून सरांचा त्याच्यावर विशेष जीव. हल्ली मात्र तो तिसऱ्या तासाला पेंगायचा. चाचणी परीक्षेत इंग्रजी आणि भूमिती, दोन्ही विषय गेले. भूमितीचं उत्तर लिहिता लिहिता त्याची ओळ कागदावरून खाली घसरत गेली होती.

सरांनी त्याचा तक्ता मागून घेतला. एकही खूण चुकलेली नव्हती.

"रोज पहिल्या भोंग्याला उठतोस?"

"व्हय सर."

"आणि साडेनऊला दिवा मालवतोस?"

"मालवतो की सर. पन झोप लागायला गिरणीची दुसरी पाळी सुटावी लागती. चाळीत तवर गलबला असतो."

"किती वाजेपर्यंत?"

"साडेधा, कवा अकरा."

सरांनी मनात आकडे मांडले. अकराला झोपला तरी साडेसहा तास होतात. साडेसहा तासांनी कुणी सात पौंड उतरत नाही. तेव्हा खुणा खोट्या, एवढंच उरत होतं.

"रात्रभर घोकायचं आणि इथे खुणा करायच्या. मला सगळं माफ आहे, ईरप्पा, खोटेपणा नाही."

ईरप्पा काहीतरी बोलायला गेला आणि खाली बसला.

चाचणीत दोन विषय गेलेल्या मुलाचा मॅट्रिकचा फॉर्म पाठवायचा की नाही, हे वर्गशिक्षकाच्या शेऱ्यावर ठरे. सरांनी लिहिलं, 'अनियमित. नोंदी खोट्या करतो.' लिहिताना हात अडखळला नाही.

पण ते सात पौंड डोक्यातून जाईनात. पुढच्या रविवारी सकाळी ते चाळ शोधत गेले. मामा बाहेर गेला होता. मामी काशम्मा भाकरी थापत होती.

"काय ओ मास्तर, तुमी हुशार मानसं," ती म्हणाली. "पोराला चारला उठवून काय मिळतंय तुमास्नी?"

"चारला? मी पहिल्या भोंग्याला म्हणालो होतो."

"मग पयला भोंगा कवा हुतो? चारला हुतो की. मी त्यालाच उठती, ह्यांची भाकरी करायला. दुसरा साडेपाचला, तिसरा सहाला. मी म्हनती, झोप रे बाबा, चुलीचा धूर लागतोय. तर म्हनतो, सरांचा नेम हाय."

अकरा ते चार. सरांनी दोनदा मोजून पाहिलं.

घरी येऊन त्यांनी आईला विचारलं, "आई, भोंगा चारला होतो?"

"होतो की. मी कशाने उठते मग?" रुक्मिणीबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. "तुला कुठला ऐकू येणार? तू घोरत असतोस."

सोमवारी वर्गात शिरल्या शिरल्या सरांनी विचारलं, "पहिल्या भोंग्याला कोण कोण उठतं?" सगळे हात वर गेले. "किती वाजता होतो तो?" काही हात खाली आले. शेवटी नंदू उभा राहिला.

"सर, आई तिसऱ्यांदा हाक मारते ना, तेव्हा जो वाजतो तो पहिला."

वर्ग हसला. आईच्या हाकेला उठून सगळे निमूटपणे खूण करत आले होते. तक्ता शब्दाला शब्द पाळणारा एकच होता आणि त्याचा बाक आज रिकामा होता.

"ईरप्पा खरं बोलत होता," सर म्हणाले. "पहिला भोंगा कुठला, ते मला माहीत नव्हतं. चूक माझी."

हेडमास्तर वेणीमाधवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याचा सोडून बाकी सगळे फॉर्म शनिवारच्या टपालाने मुंबईला गेले, चिंतामणी. आता काही होत नाही. शेरा खोडा. तेवढं तुमच्या हातात आहे."

सरांनी शेरा खोडला, खाली कारण लिहून सही केली. मग संध्याकाळी पुन्हा चाळीत गेले.

मामा बसलिंगप्पा ओट्यावर बसला होता. मास्तरांना पाहून उठला नाही, पण घोंगडं सरकवून जागा दिली. एक वर्ष थांबावं, मुलगा नक्की पास होईल, मी स्वतः शिकवीन, असं सर सांगत राहिले.

"गिरणीत साच्यावर बदली कामगाराची जागा हाय," बसलिंगप्पा शेवटी म्हणाला. "उद्या सायबाला भेटवनार हाय त्याला. पयल्या भोंग्याला उठायची सवय झाली हायच. आन् मास्तर, तितं त्याला कोन खोटा म्हननार न्हाय."

सरांच्याने मान वर करवेना. "मी आज वर्गात सांगितलं," ते म्हणाले. "चूक माझी होती म्हणून."

"तवा ह्यो तितं नव्हता की."

"नव्हता. म्हणून तर आलो."

बसलिंगप्पाने बराच वेळ तंबाखू मळली. "मला सांगून काय उपेग? त्याला सांगा. वर्सभर थांबतो म्हनला तर मी न्हाय म्हननार न्हाय." त्याने आत हाक दिली, "काशम्मा, उठीव गं त्याला. मास्तर आल्यात."

सरांनी दारातून पाहिलं. भिंतीकडे तोंड करून ईरप्पा झोपला होता. अंगावर पांघरूण नव्हतं, एक हात जमिनीवर पडला होता. दिवेलागण व्हायची होती, शेजारी कुणीतरी जात्यावर डाळ भरडत होतं, पोरं ओरडत होती, आणि त्याला कशाचीच शुद्ध नव्हती. काशम्मा त्याच्या खांद्याला हात लावायला वाकली.

"उठवू नका," सर म्हणाले. "त्याचा तो उठेपर्यंत थांबतो मी."

"सकाळच हुईल की ओ."

"होऊ द्या," म्हणत ते ओट्यावर टेकले.